टोयोटा मागातून निघाली. मुंबईच्या गिरण्यांतून गाडी का नाही निघाली?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: टोयोटा ही मुळात माग बनवणाऱ्यांची कंपनी. जपानला गिरण्या नीट जमायच्या आधीपासून मुंबईत त्या धडधडत होत्या. मग एवढ्या गिरण्यांपैकी एकीतूनही मोटारीचा कारखाना का उभा राहिला नाही? आपल्या माणसात धंद्याची धमकच कमी आहे का? आणि आज तरी असं काही आपल्याकडे होऊ शकेल का?

मी विणाईतला माणूस. इचलकरंजीत साध्या मागापासून एअरजेटपर्यंत (हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारा माग) यंत्रं बसवण्यात आणि ती चालती ठेवण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे या गोष्टीकडे मी मागाच्या बाजूने बघतो, शेअरबाजाराच्या बाजूने नाही. तसं बघितलं की प्रश्नातली जोडीच चुकीची लागली आहे हे दिसतं. टोयोटाचं मूळ ज्यांच्या मागात आहे ते साकिची टोयोडा गिरणीमालक म्हणून मोटारीपर्यंत पोचलेच नाहीत. ते यंत्र बनवणारे होते आणि गिरणी त्यांनी यंत्रापायी काढली. मुंबईचा शेठ गिरणी चालवायचा आणि यंत्र विकत घ्यायचा. दोघांच्या शेडमध्ये साचे (म्हणजे माग) सारखेच खडखडत असतील, पण हे धंदे दोन निराळे.

आधी मुंबई किती पुढे होती ते बघू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये कंपनी काढली आणि १८५६मध्ये ताडदेवची गिरणी चालू झाली. जपानची पहिली आधुनिक सूतगिरणी १८६७ची, कागोशिमाची. पण मोठ्या प्रमाणावर आणि नफ्यात चाललेली पहिली गिरणी म्हणजे ओसाका स्पिनिंग. स्थापना १८८२, चात्या (सूत कातणाऱ्या फिरत्या दांड्या) फिरायला लागल्या १८८३मध्ये. तिच्यामागे शिबुसावा एइची हे बँकवाले. लंडनमध्ये शिकत असलेल्या यामानोबे ताकेओ नावाच्या तरुणाला त्यांनी निरोप धाडला की पुस्तकं ठेव आणि सूतकताई शीक. पोराने ब्लॅकबर्नच्या गिरणीत जाऊन प्रत्यक्ष काम केलं, परत येऊन साडेदहा हजार चात्यांची गिरणी उभी केली आणि ती दोन्ही पाळ्यांत चालवली. गिरणीचा कर्ताधर्ता माणूस स्वतः खात्यात उभा राहून काम शिकलेला होता.

१९०० साली मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यांचं जाडं सूत चीनला जात होतं. त्याच बाजारात जपानी सूत घुसलं, आणि गंमत म्हणजे ते बरंचसं आपल्याच कापसाचं होतं. वऱ्हाड-खानदेशातला आखूड धाग्याचा कापूस मुंबई बंदरातून जपानच्या कोबे बंदरात जायचा. या वाहतुकीवर पी अँड ओ या इंग्रज कंपनीचा आणि तिच्या साथीदारांचा कब्जा होता. तो मोडायला जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या बोट कंपनीशी हातमिळवणी केली आणि १८९३मध्ये मुंबई-कोबे बोटी सुरू झाल्या. पी अँड ओने भाडं इतकं पाडलं की टाटांना माघार घ्यावी लागली, पण जपानी कंपनी टिकली, कारण मागे त्यांचे गिरणीवाले आणि त्यांचं सरकार होतं. १८९७मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली. धमक कमी होती म्हणणाऱ्यांनी जमशेटजींचं एवढं एकच उदाहरण बघावं. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी रिंग फ्रेम (सूतकताईची नवी यंत्रं) लावून बघितल्या तेव्हा खुद्द लँकेशायर, म्हणजे इंग्लंडचा कापडगिरण्यांचा मुलूख, म्यूल या जुन्या यंत्रालाच चिकटून होतं.

मग घोडं पेंड कुठे खातं? माझ्या मते एजन्सीच्या करारात. मुंबईची गिरणी भागधारकांची असायची, पण कारभार मॅनेजिंग एजंटाच्या पेढीकडे. सुरुवातीच्या काळात या पेढीला मोबदला मिळायचा तो तयार झालेल्या सुताच्या पौंडामागे पाव आणा. नफा होवो की तोटा, सूत निघालं की आणा पदरात. याशिवाय कापूस खरेदीवर दलाली, यंत्र मागवण्यावर दलाली, माल विकण्यावर दलाली. पुढे टाटांसारख्यांनी नफ्यावर मोबदला घ्यायची पद्धत आणली, पण यंत्राकडे बघायची नजर तीच राहिली: यंत्र ही इंग्लंडातल्या ओल्डहॅमहून मागवायची वस्तू. आता त्या पेढीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचं यंत्र मागवलं तर दलाली मिळते, सोबत फिटर येतो, उधारीही मिळते. तेच यंत्र परळला बनवायचं म्हटलं तर चार वर्षं पैसा अडकणार आणि दलाली जाणार ती वेगळीच. हिशेबी माणूस काय करेल? त्यांनी तेच केलं. याला मी नाकर्तेपणा म्हणणार नाही. करारातच तो हिशेब लिहिलेला होता.

सरकारही परकं. १८९६मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली तेव्हा लँकेशायरचं मन राखायला आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी लावली. ती जायला १९२६ उजाडलं. पण सगळं खापर इंग्रजांवर फोडून चालणार नाही. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत मुंबईच्या गिरण्यांनी बेफाम नफा कमावला आणि त्यातला फार मोठा हिस्सा लाभांश म्हणून वाटून टाकला. त्याच युद्धाने टोयोडांनाही पैसा दिला होता. त्यांनी त्याचं काय केलं ते आता बघू.

साकिचींचा जन्म १८६७चा, आजच्या शिझुओका प्रांतातल्या खेड्यात. बाप सुतार, शिक्षण जेमतेम. त्या भागात घरोघर बायका हातमागावर विणत आणि हे पोरगं मागाशी खटपट करत बसे. १८९०मध्ये तोक्योच्या औद्योगिक प्रदर्शनात जाऊन ते दिवसेंदिवस यंत्रं बघत राहिले. १८९१मध्ये पहिलं पेटंट, लाकडी हातमागाचं. १८९६मध्ये लाकूड आणि लोखंड मिळून केलेला वाफेवर चालणारा माग. तो विलायती मागापेक्षा कितीतरी स्वस्त होता आणि अरुंद पन्ह्याच्या जपानी कापडाला बेताचा. मित्सुई या बड्या व्यापारी पेढीने त्यात पैसा घातला.

पुढची दहा-बारा वर्षं भांडणाची आहेत. कंपनी निघाली, साकिचींना हवे तसे प्रयोग करायला मिळेनात, बाहेर पडले. १९०७मध्ये दुसरी कंपनी, १९१०मध्ये तिथूनही राजीनामा. भागधारकांचं म्हणणं चूक नव्हतं: विकत असलेला माग सोडून हा माणूस सारखा न विकलेल्या मागावर खर्च करतो. राजीनाम्यानंतर ते अमेरिका आणि युरोप बघून आले. तिथे अमेरिकेच्या ड्रेपर कंपनीचा नॉर्थ्रॉप ऑटोमॅटिक माग चालताना बघितला. तो बघून आपला माग कमी नाही हा विश्वास घेऊनच ते परतले. १९११मध्ये नागोयात स्वतःचं विणाईघर काढलं. आता भागधारकांना विचारायचं कारण उरलं नाही. कापड विकून येणारा पैसा मागाच्या प्रयोगात.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळ्या कथेचा खिळा तोच आहे. ऑटोमॅटिक माग बनवला तरी तो चालेना, कारण बाजारातलं सूत वाईट होतं. ज्याने मागावर काम केलं आहे त्याला हे लगेच कळेल. साध्या मागावर विणकर दोनच माग सांभाळत असतो; तार (म्हणजे धागा) तुटली की माग थांबवून गाठ मारतो, आणि सूत बरं की वाईट याचा हिशेब त्याच्या घामात बुडून जातो. तोच माणूस वीस मागांवर ठेवला की तुटलेली प्रत्येक तार मोजावी लागते. ताण्यात (उभ्या धाग्यांत) तारा जास्त तुटायला लागल्या की वीस मागांपैकी आठ बंद आणि माणूस नुसता धावतोय. आजही नवा एअरजेट बसवून घेतलेला मालक तक्रार घेऊन येतो की यंत्र चालत नाही, तेव्हा मी आधी सायझिंगचा बीम (खळ लावलेला ताणा गुंडाळलेला रूळ) बघतो, मग सुताची बॅच, आणि यंत्राला हात शेवटी लावतो. साकिचींनीही हेच ओळखलं. चांगलं सूत मिळत नाही ना, मग आपणच कातू, म्हणून त्यांनी १९१४मध्ये सूतकताई सुरू केली. युद्धाच्या तेजीत ती गिरणी भरभराटीला आली, १९१८मध्ये तिची रीतसर कंपनी झाली, पुढे शांघायलाही गिरणी निघाली. लोक म्हणतात टोयोडा गिरणीमालक होते. होते खरे, पण गिरणी ही मागाची प्रयोगशाळा होती, आणि प्रयोगशाळेनेच प्रयोगांचा खर्च भागवला.

यातून १९२४मध्ये जी टाइप माग तयार झाला. त्यात काय होतं ते जरा जवळून सांगतो. साधा माग मिनिटाला १८० पीक (आडवे धागे) मारतो असं धरा. म्हणजे धोटा (आडवा धागा घेऊन धावणारा ठोकळा) या पेटीतून त्या पेटीत जायला, ठोका बसायला आणि सगळं पुन्हा जागेवर यायला मिळून सेकंदाचा तिसरा हिस्सा. धोट्यातली कांडी (सूत गुंडाळलेली नळी) संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, भरलेला घालायचा, माग पुन्हा चालू करायचा. दिवसातून शेकडो वेळा. नॉर्थ्रॉपने यावर तोडगा काढला होता तो असा की धोटा तोच ठेवायचा आणि वरून दांडक्याने नवी कांडी धोट्यात ठोकायची, जुनी खाली पाडायची. टोयोडांनी अख्खा धोटाच बदलला. कांडीवरचं सूत संपत आलं हे चाचपणारी पट्टी खूण देते, धोटा पेटीत आल्याच्या त्या क्षणात भरलेला धोटा आत ढकलला जातो, रिकामा बाहेर पडतो, आणि माग जराही मंदावत नाही. ज्याने धोटा उडून समोरच्या भिंतीवर आदळताना बघितला आहे त्याला विचारा, सेकंदाच्या एवढ्याशा भागात ही अदलाबदल बिनचूक करणं म्हणजे काय ते.

दुसरी गोष्ट ताण्याची. प्रत्येक तारेवर एक पातळ पत्री लोंबकळते. तार तुटली की पत्री पडते आणि माग स्वतःहून थांबतो. कल्पना एवढीच, पण त्यामुळे माणसाला मागाकडे टक लावून बसायचं कारण उरत नाही. माग नीट चालतोय तोवर त्याच्याकडे बघायचंच नाही; थांबला की जायचं. टोयोटा आज ज्या पद्धतीसाठी जगभर नावाजली जाते, दोष दिसताच लाइन थांबवा, तिचं मूळ या पत्रीत आहे हे कंपनी स्वतःच सांगते. आणखी एक सुधारणा मला फार मोलाची वाटते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. जुन्या धोट्यात कांडी घातली की तार डोळ्यातून बाहेर काढायला विणकर तोंड लावून ओढायचे, एकाच धोट्याला अनेक तोंडं. लँकेशायरमध्ये यावरून क्षयाची ओरड होती. टोयोडांच्या धोट्यात तार आपोआप ओवली जायची.

या मागावर एक कामगार तीस ते पन्नास माग सांभाळू शकते असं गणित होतं. ‘शकते’ म्हणतोय, कारण जपानी गिरण्यांत त्या खेड्यांतून आणून वसतिगृहांत ठेवलेल्या मुली असत आणि त्यांचे हाल हा स्वतंत्र विषय आहे. जपानच्या स्वस्त कापडामागे या मुलींची रात्रपाळी होती. १९२९च्या जुलैपासून बायकांच्या रात्रपाळीला बंदी आली आणि गिरण्यांना कमी माणसांत जास्त माग चालवणं भाग पडलं. ऑटोमॅटिक मागाला गिऱ्हाईक मिळालं ते त्यामुळेही. नुसत्या शोधाने माग विकला जात नाही.

त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद होत्या, दीड लाखाच्या आसपास कामगार रस्त्यावर. वादाचं एक मोठं कारण म्हणजे विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत ही मालकांची मागणी. जपानमध्ये तीस आणि इथे तिसऱ्यासाठी संप, असं म्हणून आजही कुणी कुणी कामगारांना हिणवतं. हे मला पटत नाही. साचा तोच जुना, धोटा तोच, मिक्सिंगमध्ये हलका कापूस घालून कातलेलं सूत, पत्री नाही, कांडी हाताने बदलायची, आणि वर सांगायचं की आणखी एक सांभाळ. त्यात तिघांपैकी एक माणूस घरी जाणार हे उघड होतं. जो माणूस जुन्या मागावर खरोखर उभा राहिला आहे तो त्या संपवाल्यांना आळशी म्हणणार नाही. मालकांनी यंत्र बदललं नाही, माणसाचे हात वाढवायला निघाले.

आता पैशाची ती प्रसिद्ध गोष्ट. डिसेंबर १९२९मध्ये साकिचींचे चिरंजीव किइचिरो यांनी जी टाइप मागाचे हक्क प्लॅट ब्रदर्सना एक लाख पौंडांना विकले. जपान, चीन आणि अमेरिका सोडून बाकीचं जग प्लॅटच्या वाट्याला. त्यात हिंदुस्थानही आला. ज्या ओल्डहॅमच्या कारखान्यात किइचिरो १९२२मध्ये शिकायला जाऊन आले होते, त्याच कारखान्याने त्यांचा माग विकत घेतला. सांगतात की साकिचींनी हे पैसे मुलाच्या हातात ठेवले आणि म्हणाले, मी माग केला, तू मोटार कर. गोष्ट गोड आहे. पण रक्कम हप्त्याहप्त्याने यायची होती, मंदीत प्लॅटने कुरकुर केली आणि शेवटी सौदा ८३,५०० पौंडांवर आला. शिवाय साकिची ऑक्टोबर १९३०मध्येच वारले. मोटारीचा कारखाना एवढ्यावर उभा राहत नाही. खरा पैसा टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्सचा. १९२६मध्ये कारियाला काढलेल्या या कंपनीत सप्टेंबर १९३३मध्ये मोटार विभाग निघाला आणि १९३४च्या सुरुवातीला कंपनीचं भांडवल दहा लाख येनांवरून तीस लाखांवर नेलं. घरचे सगळे खूश नव्हते. कंपनीचे प्रमुख रिझाबुरो, म्हणजे किइचिरोंचे मेहुणे, मोटारीबद्दल सावधच होते.

मागातून मोटार निघते कशी? ओतकामातून. मागाची चौकट, गिअर, कॅम, सगळं बिडाचं. टोयोडांना एकसारखे, कुठल्याही मागाला बसतील असे सुटे भाग हवे होते, कारण जी टाइपमध्ये एका दांडीची जागा जराशी हलली तर धोटा अडकतो. त्यासाठी त्यांनी चांगली फाउंड्री आणि नेमकी यंत्रं कारियाला आणली होती. १९३३मध्ये एक शेव्हरोले गाडी सुटी करून तिच्यासारखं इंजिन करायला घेतलं, तेव्हा मागवाल्यांची सगळी ऐट उतरली. मागाचं ओतीव भरीव असतं. सिलिंडर ब्लॉकच्या पोटात पाण्याच्या पोकळ वाटा ठेवायच्या म्हणजे गाभा बसवून ओतायचं. सुरुवातीचे बहुतेक ब्लॉक भंगारात गेले. १९३५मध्ये बाजारात आलेले ट्रक रस्त्यात बंद पडायचे. हे सगळं सोसलं ते मागाच्या नफ्याने.

आणि सरकारने. हे विसरलं की गोष्ट खोटी होते. १९२५पासून फोर्ड आणि १९२७पासून जनरल मोटर्स जपानमध्येच गाड्या जोडत होत्या आणि त्यांच्यापुढे टोयोडाचा टिकाव लागणं कठीण होतं. १९३६च्या कायद्याने मोटारनिर्मितीला परवाना लागू झाला, तो जपानी मालकीच्या कंपन्यांनाच मिळणार होता, आणि १९३९पर्यंत अमेरिकन कंपन्यांचं काम तिथे बंद पडलं. लष्कराला ट्रक हवे होते म्हणून हे झालं. ऑगस्ट १९३७मध्ये टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली ती या छत्राखाली.

हीच वर्षं आपल्याकडची बघा. सर एम. विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिका फिरून आले आणि १९३६च्या सुमारास मुंबई इलाख्यात मोटार कारखाना काढण्याची योजना त्यांनी मांडली. वालचंद हिराचंद तिच्यामागे उभे राहिले. १९३७मध्ये आलेलं मुंबईचं काँग्रेस मंत्रिमंडळ मदतीला तयार होतं, दिल्ली नव्हती. वालचंदांनी फोर्डकडे खटपट केली, मग क्रायस्लरशी करार केला, युद्धात सरकारने हात आखडता घेतला, आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन व्हायला १९४४ उजाडलं. तेच साल, तोच धंदा. एका सरकारने परदेशी कंपन्यांना दार लावलं आणि दुसऱ्याने आपल्याच माणसाला दाराबाहेर ताटकळत ठेवलं.

माझ्या मते साकिचींचा खरा जोडीदार मात्र वालचंदही नव्हेत. तो लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर, म्हणजे दोघांत दोनच वर्षांचं अंतर. चित्रकला शिकायला मुंबईला गेले, रंगांधळेपणामुळे ते सुटलं, यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलं. बेळगावात सायकलचं दुकान काढलं. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगर घेईनात, तरी ते हटले नाहीत. १९१०मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथेही ओतशाळा मुळाशी होती: नांगर, चरक, पंप, लेथ, ऑइल इंजिन. म्हणजे मोटारीकडे जायची वाट आपल्याकडे होती आणि तिच्यावर माणूसही चालत होता. पण मागे मित्सुई नव्हती, १९३६चा कायदा नव्हता, आणि गिऱ्हाईक होता कोरडवाहू शेतकरी. पुढे १९९५मध्ये बंगळुरूला किर्लोस्कर टोयोडा टेक्स्टाइल मशिनरी निघाली आणि १९९७मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर. लोक दुसरीचं नाव घेतात. आधी सूतकताईची यंत्रं आली आणि मागून गाडी, हे मात्र आमच्या धंद्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सुझुकीचंही तेच मूळ. मिचिओ सुझुकी यांनी १९०९मध्ये हमामात्सुला मागाचा कारखाना काढला आणि १९५२मध्ये सायकलला लावायचं इंजिन आणलं. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांतल्या किती गाड्यांचे आजे-पणजे माग विकत होते ते मोजा.

पण यंत्र बनवलं की झालं, असंही समजू नका. ड्रेपरने बनवलं, जगात सर्वांत जास्त खपवलं, आणि तिथेच ते थांबले. १९५३पासून स्वित्झर्लंडच्या सुल्झरने धोट्याऐवजी बोटाएवढ्या प्रोजेक्टाइलचे माग बाजारात आणले, चेक लोकांनी हवेच्या आणि पाण्याच्या झोताने बाणा फेकून दाखवला, आणि ड्रेपरचा भर मात्र बराच काळ धोट्यावरच राहिला. १९६७मध्ये ती दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली आणि पुढे होपडेलचा तिचा कारखाना बंद झाला. प्लॅटही १९३१मध्ये विलीनीकरणात गेली आणि अर्ध्या शतकात ओल्डहॅममधून तिचं नाव पुसलं गेलं. टोयोटाही १९५०मध्ये बुडता बुडता वाचली. दीड हजारांहून जास्त माणसं कमी केली, संप झाला, किइचिरोंनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले इशिदा ताइझो, लूम वर्क्सचे अध्यक्ष. म्हणजे मोटार कंपनी सावरायला पुन्हा मागवालाच लागला. मग कोरियाच्या युद्धाच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या. टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे ताइइची ओनो हेही मूळचे टोयोडाच्या गिरणीतले, १९३२मध्ये लागलेले. मोटार कारखान्यात आल्यावर त्यांना दिसलं की इथे एका यंत्रापाशी एक माणूस उभा आहे. गिरणीत एक मुलगी डझनांनी माग बघते, मग इथे का नाही? १९४७पासून त्यांनी एका माणसाला दोन, मग तीन-चार यंत्रं द्यायला सुरुवात केली. तिथेही कामगार चिडले. यंत्र थांबवणारी सोय आधी केली म्हणून ते निभावलं.

प्रश्नाचा शेवटचा भाग होता, आज असं काही आपल्याकडे होऊ शकेल का. इचलकरंजीत १९०४मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. नारायणराव बाबासाहेब घोरपडे जहागीरदारांचं पाठबळ होतं. तेव्हापासून माग वाढत गेले, पण एअरजेट घ्यायचा तर आजही जपानकडे बघायचं, रेपियरसाठी (दांड्याने आडवा धागा ओढणारा माग) बेल्जियम, इटली किंवा चीनकडे, आणि बजेट नसेल तर परदेशातला वापरलेला माग. साध्या मागाला रेपियरची किट बसवणारे कसबी फिटर इथे गल्लोगल्ली आहेत. तासाभराच्या वाटेवर कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मोटार कंपन्यांसाठी ओतीव भाग निघतात, म्हणजे टोयोडांना १९३३मध्ये छळणारं काम आपल्याकडे रोजचं झालं आहे. एअरजेटसारखा नवा माग मात्र आपण फारसा बनवत नाही. कारण पुन्हा हिशेबाचं आहे: खर्चीवाल्याला (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्याला) प्रति पीक मजुरी मिळते, त्यात एक दिवस माग बंद ठेवणंही परवडत नाही, मग नव्या यंत्राच्या प्रयोगाला तो आपले चार माग कशाला देईल? ज्याला हे करायचं असेल त्याने आधी स्वतःची पंचवीस-तीस मागांची शेड घ्यावी, कापड विकून खर्च निघेल एवढी, आणि त्यातले चार माग कायमचे फिटरच्या हवाली करावेत. सायझिंगही शक्य तितकं आपल्या हातात ठेवावं. भागीदार घेताना त्याला आधीच सांगावं की ही चार यंत्रं महिन्यातले कितीतरी दिवस बंद दिसतील.